ताणून मोजलेली तीन वर्षं

मला आलेलं पत्र थोडक्यात असं:

लिहिणारी सत्तावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. ठाण्यापलीकडे दिव्याला आईबरोबर राहते. दादरला हिंदमाताजवळच्या एका गल्लीतल्या मॅचिंग सेंटरमध्ये तीन वर्षं काम करतेय. ब्लाउजचं टू बाय टू कापड, अस्तर, परकर, फॉल, थोडे रेडिमेड ब्लाउज आणि कुर्ते असं दुकान, शेठ धरून पाच माणसं. पगार सोळा हजार, रोख. शेठ कच्छी, सत्तरीला टेकलेले. वडील गेल्यावर घर अडलं तेव्हा त्यांनी हिला ओळखीवर कामाला घेतलं, आईच्या ऑपरेशनला चाळीस हजार आगाऊ दिले, व्याजाचं नावही काढलं नाही. ते पैसे महिना दोन हजारांनी फिटले. आता मैत्रिणीने ऐरोलीच्या एका कंपनीत शब्द टाकलाय. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम, १९ हजार. मुलाखत पुढच्या आठवड्यात. बायोडेटात हिने दुकानाची तीन वर्षं 'स्पर्धा परीक्षेची तयारी' अशी दाखवलीत. शेठना कुणकुण लागली तेव्हा ते म्हणाले, 'दिवाळीनंतर दुकान तूच बघ, टक्का देईन.' आई शेजारी 'ऑफिसात आहे' असं सांगते, एका स्थळालाही तेच सांगितलं. ही विचारते: तीन वर्षं फुकट गेली का? लपवलं ते चुकलं का? आणि शेठना सोडून जाणं हा कृतघ्नपणा नाही का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्या पानावर तू लिहितेस, 'तागे उलगडायचे आणि घड्या घालायच्या, याच्यापलीकडे मी काही शिकले नाही, ताई.' या वाक्याखाली मी रेघ मारली. कारण त्याच्या आधीच्याच पानावर, अगदी जाता जाता, तू तुझ्या वहीबद्दल लिहिलंयस.

शंभर पानी वही, गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेली. गिऱ्हाईक काही मागतं, आपल्याकडे ते नसतं, की तू तारीख घालून लिहून ठेवतेस. दुकानात सगळे तिला 'नाहीची वही' म्हणतात. शेठ आधी हसले होते, 'जे नथी एनो हिसाब शुं काम?' जे नाही त्याचा हिशोब कशाला? मागच्या श्रावणात तू पानं मोजलीस. बेचाळीस-चव्वेचाळीस मापाचा तयार ब्लाउज मागून एका महिन्यात एकसष्ट बायका परत गेल्या होत्या. शेठनी भीत भीत दोन डझन मागवले. गौरी यायच्या आत संपले.

बाई गं, ऐरोलीच्या त्या कंपनीत हेच काम करायला एक माणूस काचेच्या खोलीत बसवलेला असेल आणि त्याचा पगार तुझ्या तिप्पट असेल. तुझ्याकडे फक्त काच नाही.

मग मी पेन्सिल घेऊन पत्रात पुढे शोधतच गेले. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के आले. आधी हजाराच्या वरच्या नगावर बारा होते. नवरात्राच्या तोंडावर, रोजचा रंग शोधत बायका दुकानात घुसत असताना, तू दोन रात्री थांबून साडेतीनशे कुर्त्यांची लेबलं बदललीस. हे तू लिहिलंयस तक्रार म्हणून, शेवटची दिवा लोकल चुकली म्हणून. जून लागला की खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायच्या, महागाचं अस्तर वर, परकर त्याच्या खाली, कारण हिंदमाताला पाणी भरायला तासाभराचा पाऊस पुरतो, हेही तूच लावून दिलंस. यातलं काहीच तुला शिकणं वाटत नाही. कारण त्याचं सर्टिफिकेट नाही, एवढंच ना?

तू ज्याला 'काहीच नाही' म्हणतेस, त्या कामाने मला अकरावीत रडवलं होतं. ते सांगते, त्यातून पुढचा मुद्दा येईल.

१९८८ ची दिवाळी. लालबागला आमचं घर. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि आमच्यासारख्या घरांत तो कधी संपलाच नाही. वडील साचेवाले, म्हणजे विणकर; हातमागावरचे नाही, गिरणीच्या साच्यावरचे. कापडाला अंगठा लावून पोत सांगायचे. त्या वर्षी मी सुट्टीत वीस दिवस एका कापडाच्या दुकानात उभी राहिले, दीडशे रुपये ठरले होते. वडिलांनी चाळीत सांगितलं, 'ती टायपिंगच्या क्लासला जाते.' कापड विणणाऱ्याला मान होता. कापड फाडून देणाऱ्या पोरीचं काय सांगायचं, हे त्यांना सुचलं नाही. तुझ्या आईचं 'ऑफिसात आहे' वाचलं तेव्हा मला ते आठवले, त्यामुळे तुझ्या आईवर मला रागावताच येत नाही.

तर एक बाई आल्या आमसुली साडी घेऊन. मी ट्यूबलाइटखाली दहा तागे लावून बघितले, एक अगदी एकजीव झाला. ऐंशी सेंटिमीटर फाडला. संध्याकाळी बाई परत. उजेडात तो पीस तांबूस दिसत होता, साडी जांभळटच. तुला हे सांगायला नको, तू रोज गिऱ्हाइकाला 'बाहेर उजेडात बघा' म्हणून फुटपाथवर पाठवतेस. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या डायनी बनलेले असले की एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. मला ते माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. फाडलेला पीस परत घ्यायचा नसतो. पण बाईंचा आवाज चढला, मालकांनी घेतला. विसाव्या दिवशी माझ्या दीडशेतून त्याचे पैसे कापून घेतले.

त्या दुकानात मी रंग शिकले, माणसं शिकले, हे सगळं खरं. पण खरा धडा तो होता: कुठल्याही कामाला हो म्हणायच्या आधी विचारायचं, चूक झाली तर पैसे कुणाच्या खिशातून जाणार? पुढे वर्तमानपत्रांत काम केलं, दोन संस्थांत केलं, सगळीकडे हा प्रश्न उपयोगी पडला. तुझ्या शेठच्या टक्क्याच्या बोलण्यालाही तोच लावून बघायचाय. पण आधी थोडं मोजमापाचं बोलू.

कापड मोजताना काय करतात तुला माहीत आहे. गज लावून ताणून धरलं तर गिऱ्हाइकाला कापड कमी जातं. घरी जाऊन सोडलं की दोन बोटं आक्रसतं. हात सैल सोडला की चार बोटं जास्त जातं आणि दुकान तोट्यात. लाजेने तू तुझी तीन वर्षं ताणून मोजलीस, म्हणून ती कमी भरली. आणि शेठचे उपकार मोजायला बसलीस तेव्हा हात इतका सैल सोडलास की देणं संपेचना. चाळीस हजार होते, फिटले. व्याज घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा आणि तो आयुष्यभर आठवावा असा आहे. पण त्याच्या बदल्यात आयुष्य मागितलेलं नाही, शेठनी तर नाहीच.

आता दुकानाने जे दिलं नाही ते. या बाबतीत तू फारच भिडस्त आहेस, म्हणून मीच लिहिते.

साडेदहा ते नऊ उभं राहणं. तुझ्या पायाच्या शिरा फुगल्यात, हे तू एका ओळीत उरकलंस. आणि दुपारी दोननंतर पाणी पीत नाहीस, कारण दुकानाला संडास नाही आणि जवळचा सार्वजनिक संडास संध्याकाळी जाण्यासारखा नसतो. मुंबईत २०११ पासून बायकांनी याच गोष्टीसाठी 'राइट टू पी' नावाची मोहीम चालवली, तरी गल्लीतल्या दुकानात उभ्या असलेल्या मुलीची बाटली अजून भरलेलीच घरी परत जाते. दोन ते नऊ, सात तास. हे चालवून घ्यायचं कारण नाही. आठवड्याभरात लघवीची जळजळ झाली असेल तर आधी डॉक्टरकडे जा, माझं उत्तर नंतर वाच. आणि शेजारच्या एखाद्या क्लिनिकच्या किंवा बँकेच्या माणसाशी शेठनीच बोलायला हवं, तू नव्हे. मालकाने मालकाशी बोललं की दार उघडतं, हा माझा अनुभव.

बसण्याचंही तसंच. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका यासाठीच भांडल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये केली. गिऱ्हाईक नसताना स्टुलावर टेकायचं, एवढीच ती मागणी. तुझ्या दुकानात स्टूल आहे, असं तू लिहितेस, पण त्यावर फॉलची खोकी आहेत. ती उद्या सकाळी उचल. विचारू नकोस. शेठ काही बोलणार नाहीत, आणि बोललेच तर मला कळव.

कायद्याचा आधार तुझ्यासारख्यांना फारसा नाही, हेही सांगून ठेवते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना तासांच्या आणि सुट्टीच्या बहुतेक नियमांतून बाहेर ठेवलं गेलं. प्रॉव्हिडंट फंड सक्तीचा होतो वीस माणसांना, ग्रॅच्युइटी दहांना. तुम्ही पाच. किमान वेतन मात्र पाच माणसांच्या दुकानालाही चुकत नाही. त्याचे चालू दर कामगार आयुक्तालय जाहीर करतं, ते बघ आणि सोळा हजाराशी ताडून घे. आणि राहायचं ठरवलंस तर ई-श्रमवर नाव नोंदव. २०२१ पासून असंघटित कामगारांची ती नोंदणी आहे, फुकट आहे, आधार आणि बँक खातं लागतं. त्याने उद्या काही बदलत नाही, पण सरकारच्या एका तरी कागदावर तू काम करणारी म्हणून दिसशील.

ऐरोलीकडे वळते. तू लिहितेस, 'ऑफिस म्हणजे शेवटी ऑफिस.' म्हणजे काय गं? एसी असेल, खुर्ची असेल, संडास असेल. हे तिन्ही मी थट्टेवारी नेत नाही, वर एवढं लिहिल्यावर कशी नेईन. दिव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरने ऐरोली, हा प्रवास दादरच्या गर्दीपेक्षा बरा. पण कानाला हेडफोन लावून दिवसाला किती फोन घ्यायचे, बाथरूमला किती मिनिटं जायचं याची नोंद होते का, रात्रपाळी आहे का, हे विचार. आणि मुख्य म्हणजे १९ हजार हा आकडा सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा सगळा खर्च, आहे की हातात पडणारा? सीटीसीत कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंड, कधी ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते. तुझ्या मूळ पगारातून बारा टक्के कापले जातील, तेवढेच कंपनी घालेल. हातात कदाचित सोळाच्या आसपासच येतील. ते वाईट नाही. साठलेले पैसे तुझेच असतात. पण आईला 'तीन हजार वाढले' म्हणून सांगायच्या आधी आकडा नीट वाच. माझ्याकडे दर दोन महिन्यांनी असं एक पत्र येतं, केमिस्टकडे काम करणाऱ्या मुलाचं, मोबाइलच्या दुकानातल्या मुलीचं. नवी नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराच्या दिवशी रडलेले असतात.

शेठचा टक्का हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण तो प्रेमाने देऊ केलेला आहे. प्रेमाने दिलेल्या गोष्टीला माणूस प्रश्न विचारत नाही. तू विचार.

'टक्का' कशावर? नफ्यावर की विक्रीवर? नफ्याचा हिशोब शेठच्या वहीत आणि सीएच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. सुरतच्या व्यापाऱ्याची उधारी, लाइट बिल, शेठच्या घरचा किराणा, काय काय त्यातून जातं तुला कळणार नाही. विक्री बिलबुकात असते आणि बिलबुक रोज तुझ्या हातात असतं. म्हणून विक्रीवर माग. सगळ्या दुकानावर नको, तयार ब्लाउजच्या विक्रीवर माग. तो माल तुझ्या वहीने आणलेला आहे, त्यामुळे नाही म्हणायला त्यांनाही जड जाईल.

भागीदारी म्हणाले तर? मोठा शब्द आहे, ऐकून छाती फुगते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदार पेढीच्या देण्याला जबाबदार असतो. धंदा बसला आणि व्यापाऱ्याचे चार लाख राहिले तर तो तुलाही गाठू शकतो. माझे आमसुली पीसचे पैसे गेले, ते परवडले. हे परवडणार नाही. घरातला एकही रुपया मागे नसताना भागीदार होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीत राहून टक्का घे, तोटा त्यांचा राहू दे.

आणि तिसरं, जे मुंबईतल्या कुणालाही सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं: दुकान कुणाचं? तुझ्या वर्णनावरून ते जुन्या इमारतीतलं, बहुधा पागडीचं, म्हणजे जुन्या भाडेकरू हक्काचं. भाडेपावती शेठच्या नावावर आहे की त्यांच्या दिवंगत भावाच्या? इमारत पुनर्विकासात जाणार आहे का? शेठचा मुलगा मुलुंडला, दुकानात त्याला रस नाही असं तू लिहितेस. आज नाही. रिकाम्या दुकानाची किंमत कळली की रस येतो. शेठचा शब्द शेठ आहेत तोवर आहे. हे मी त्यांच्यावर संशय घेऊन म्हणत नाही. ते स्वतः धंदेवाले आहेत, व्यापाऱ्याशी ते तोंडी व्यवहार करतात का? तुझ्या कागदासाठी त्यांचा मान जाणार नाही.

मग जा आणि बोल. दुकान बंद होताना नको, तेव्हा त्यांचं लक्ष गल्ल्यात असतं. सकाळी, भवानी व्हायच्या आधी, अगरबत्ती लावून झाल्यावर. म्हण, 'शेठ, मला ऐरोलीला बोलावलंय. जायचं का ते ठरवते आहे. तुमच्या बोलण्याचा विचार केला, पण मला कागदावर बघायला आवडेल.' मग चार गोष्टी: पगार बँकेत, आठवड्याची ठरलेली सुट्टी, तयार ब्लाउजच्या विक्रीवर टक्का, आणि हे सगळं लेटरहेडवर. पगाराचा आकडाही वाढवून सांग, ऐरोलीच्या हातात पडणाऱ्या पगाराइतका तरी. त्यांना पंधरा दिवस दे.

माझा कल विचारलास तर सांगते. पंधरा दिवसांत कागद आला तर वर्षभर थांबायला हरकत नाही, कारण तुला माल, माणसं आणि हिशोब तिन्ही कळायला लागलंय आणि असं फार थोड्यांना एका जागी मिळतं. कागद आला नाही, 'अरे, घरचीच आहेस तू' एवढंच आलं, तर ऐरोली. घरचीच आहेस हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण घरच्यांना पगार नसतो.

आता बायोडेटा. 'स्पर्धा परीक्षेची तयारी' काढून टाक, आजच. चूक-बरोबर नंतर बघू, आधी ते अंगलट येईल म्हणून काढ. समोरचा विचारेल, 'कुठली परीक्षा? पूर्व दिलीत? किती गुण पडले?' तू गडबडशील. नंतर चौकशीचा फोन आला आणि खरं कळलं तर मिळालेली नोकरी जाईल, आणि तीही दुकानात काम केलं म्हणून नव्हे, लपवलं म्हणून. ही दोन्ही दुःखं वेगळी आहेत, आणि दुसरं तू उगाच ओढवून घेतेस. त्या जागी असं लिही:

'मॅचिंग सेंटर, दादर पूर्व. तीन वर्षं. विक्री आणि मालसाठा. रोज साठ-सत्तर गिऱ्हाइकांशी मराठी, हिंदी, गुजरातीत बोलणं. रोजचा गल्ला जुळवणं. मागणीची लेखी नोंद ठेवून मोठ्या मापाच्या ब्लाउजची खरेदी सुचवली. पहिले दोन डझन गौरींच्या आत विकले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा साडेतीनशे नगांच्या किमती दोन दिवसांत बदलल्या.'

गिऱ्हाइकांचा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, तुझा खरा घाल. यात एकही विशेषण नाही बघ. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'टीमबरोबर काम करू शकते' हे सगळं प्रत्येकाच्या बायोडेटात असतं, ते कुणी वाचत नाही. आकडा वाचतात.

मुलाखतीत कधी ना कधी विचारतील, 'चिडलेल्या गिऱ्हाइकाला कसं सांभाळाल?' तू लिहिलेला तो प्रसंग सांग. ती बाई, नणंदेच्या लग्नाचा चिंतामणी रंगाचा ब्लाउज, शिंप्याने बाही आखूड शिवली आणि ती तुझ्यावर ओरडली की कापड कमी दिलंत. तू बिल काढून दाखवलंस, ऐंशीच घेतलं होतं आणि कोपरापर्यंतच्या बाहीला मीटर लागेल असं तू तेव्हाच म्हणाली होतीस. पण तेवढ्यावर न थांबता त्याच ताग्याचा तुकडा काढून दिलास, बाहीला जोड द्यायला काठ कसा लावायचा ते शिंप्याला फोनवर सांगितलंस. हे जसं घडलं तसं सांग. 'गिऱ्हाईक देव असतं' वगैरे म्हणू नकोस. ती बाई देव नव्हती, तिच्या घरी संध्याकाळी हळद होती.

शेठकडून अनुभवाचं पत्र घे, राहिलीस तरी घे. लेटरहेडवर, गुमास्ता परवान्याचा किंवा जीएसटीचा नंबर छापलेला, कामाचं स्वरूप आणि तारखा लिहिलेलं, सही-शिक्का मारलेलं. मजकूर तूच लिहून दे. त्यांना मराठी लिहिता येत नाही आणि इंग्रजीचा कंटाळा आहे, तुझंच वाक्य. ज्या कुणाचं काम रोख पगाराचं आहे त्या सगळ्यांना हे सांगते: दर वर्षी एक पत्र घ्या. दुकानं बंद होतात, शेठ गावी जातात, मग तीन वर्षं कुणाकडे मागणार?

स्थळाचं थोडक्यात. त्या मुलाला तूच फोन करून सांग की मी ऑफिसात नाही, दुकानात आहे. त्याला चाललं तर चाललं. त्याच्या आईला चाललं नाही तर तुझी पुढची दहा दिवाळ्यांची साडीखरेदी वाचली. आईशी मात्र हळू. तिला लाज तुझी वाटत नाही, तिला भीती वाटते की लोक म्हणतील बाप गेला आणि पोरगी दुकानात उभी राहिली. माझ्या वडिलांनाही तीच वाटली असणार, मला कळायला वीस वर्षं लागली. एकदा तिला दुकानात घेऊन जा. गर्दीच्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी. स्टुलावर बसव, खोकी तर तू उचललेलीच असशील. तिला फक्त बघू दे.

आणि जायचं ठरलंच तर कधी? आता आषाढ आहे, दुकान मंद. हीच वेळ बरी. श्रावण लागला की मंगळागौरीच्या साड्या, मग गौरी-गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई आणि संक्रांतीला काळा. या दुकानाला थेट पुढच्या आषाढापर्यंत श्वास नाही. 'दिवाळीनंतर बघू' म्हणशील तर कधीच निघणार नाहीस. महिनाभराची सूचना दे, ऐरोलीवाल्यांना तेवढी मुदत माग, बहुतेक देतात. त्या महिन्यात नव्या मुलीला उजेडाचं शिकव, कुठला शिंपी मीटरच्या खाली ब्लाउज शिवत नाही ते शिकव, पावसातल्या फळ्या शिकव. मला कुणी शिकवलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

नाहीच्या वहीची झेरॉक्स काढून शेठना दे. आतला माल दुकानाचा आहे. मूळ वही तुझी. मुलाखतीला जाताना पिशवीत टाक, विचारलंच तर एकसष्ट बायकांचं पान उघडून दाखवता येईल.